लाल गोलातला व्याही

श्रीमंतरावांनी आपल्या होणाऱ्या व्याह्याला गोळी घातली ती बुधवारी दुपारी, जेवण झाल्यावर, खाटेवर पाय पसरून बसले असताना. आणि तीसुद्धा नमस्कार करायला गेले म्हणून.

गोळी अर्थातच खरी नव्हती. मोबाइलवरच्या ‘रणझुंज’ नावाच्या खेळातली होती. पण मोडनिंबच्या हायवेवर ही बातमी एका चहाच्या टपरीवरून दुसरीवर गेली, तेव्हा तिच्यातला खेळ वाटेत कुठेतरी उतरून गेला आणि नुसती गोळी तेवढी पुढे गेली.

श्रीमंतराव सोलापूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर त्यांनी गाड्या लावल्या आणि माणसांना रांगेत उभं केलं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुणी कुठून चढायचं, कुणी कुठे थुंकायचं नाही, हे माइकवरून सांगता सांगता त्यांचा घसा इतका तयार झाला होता की निवृत्त झाल्यावर तो घरात मावेना. आंघोळीला कुणी आधी जायचं हेसुद्धा ते जाहीर करू लागले. “भांड्यास्नी बी फलाट नंबर द्या आता,” केराबाई एकदा वैतागून म्हणाल्या, तर दुसऱ्या दिवशी खरोखरच पातेल्यांची जागा बदललेली.

यावर तोडगा काढला तो होणाऱ्या जावयानं. श्रीमंतरावांची मुलगी सृष्टी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. तिचं लग्न मोडनिंबच्या सयाजीरावांच्या मुलाशी, बिरुदेवशी ठरलं होतं. बिरुदेव चिंचोळीच्या एमआयडीसीत नोकरीला होता. सासरेबुवांची घालमेल पाहून त्यानं त्यांच्या मोबाइलमध्ये ‘रणझुंज’ घालून दिला. “वेळ जातो, पप्पा,” म्हणाला.

वेळ गेलाच. मात्र खऱ्या लढाईत श्रीमंतराव फारसे उतरले नाहीत. तिथं विमानातून उडी मारावी लागे, आणि उडीची वेळ कुणी जाहीर करत नसे. असला अनागोंदी कारभार त्यांना पसंत पडला नाही. त्यांचं मन रमलं ते लढाईआधीच्या सराव मैदानात. तिथं जुने टायर होते, वाळूची पोती होती, नेम धरायला लाकडी बाहुले होते आणि मधोमध एक लालभडक फरशीचा गोल होता. मैदानात शिरताना पडद्यावर सूचना येई: लाल गोलाबाहेरच्या माणसाला गोळी लागली तरी काही होत नाही. लाल गोलातल्या माणसाला ती कुठूनही लागली तरी तो मरतो. लाल गोलात उतरलेल्याची कसलीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

ही सूचना अख्ख्या जगात कुणी वाचत नसेल. श्रीमंतरावांनी ती वाचली, पाठ केली आणि मोबाइलचा माइक सुरू करून रोज दुपारी सगळ्या मैदानाला ऐकवायला सुरुवात केली. “नवीन आलेल्यांनी टायरापाशी थांबायचं! लाल गोलात विनाकारन उबं राहू नका! गोलात उतरलात की मागनं तक्रार चालनार न्हाई!” कुठकुठची पोरं खेळायला यायची, आधी हसायची, आणि मग खरोखरच टायरापाशी थांबायची. श्रीमंतरावांनी खेळातलं आपलं नाव ‘कंट्रोलर’ ठेवलं होतं. महिनाभरात मैदानाला शिस्त लागली आणि घरात केराबाईंना स्वास्थ्य लाभलं.

या मैदानात श्रीमंतरावांचा एक लाडका शिष्य होता. त्याचं नाव ‘मुकादम’. झुपकेदार मिशा, धिप्पाड अंग, पाठीवर लांब नळीची बंदूक. तो रोज दुपारी यायचा, टायरावर बसायचा आणि कंट्रोलरचं सगळं बोलणं ऐकून घ्यायचा. स्वतःचा माइक त्यानं कधी सुरू केला नाही. निरोप घेताना हात मात्र न चुकता जोडायचा. नेम असा, की बाहुल्याची टोपी उडवायची तर टोपीच उडायची. खोड एकच. मध्येच उभ्या उभ्या थिजायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा हलू लागायचा. “बिचाऱ्याच्या गावात रेंज नसंल,” श्रीमंतराव हळहळायचे.

इकडे बिरुदेवनं केलं असं, की सासऱ्यांना खेळ दिला तर वडिलांना वाईट वाटायला नको म्हणून तो सयाजीरावांच्याही मोबाइलमध्ये घातला. वर वडिलांच्या खेळातल्या माणसाला लाल भरजरी फेटा चढवून दिला. सयाजीराव म्हणजे मोडनिंबच्या भावकीतलं वजनदार माणूस. शेरडामेंढरांचा व्यापार, मोठा आवाज आणि त्याहून मोठा मान. त्यांनी फोन करून कळवलं, “व्याही, बुधवारी दुपारी येतो तुमच्या मैदानात. आमच्या भावकीला बी बगायचंय तुमी काय करताय त्ये.”

व्याही पहिल्यांदा आपल्या मैदानात येणार! श्रीमंतरावांनी जेवण लवकर उरकलं. आत जाऊन पाहतात तो बसायला द्यायला जागा नाही. टायर फाटके, पोती मळकी. स्वच्छ, झाडलेला, जाजम अंथरल्यासारखा दिसणारा असा एकच तो लाल गोल. नियम त्यांना तोंडपाठ होता, पण व्याह्याला टायरावर कसं बसवायचं? शिवाय बाकीच्या पोरांना त्यांनी आधीच बाहेर काढलं होतं. मैदानात फक्त मुकादम होता, आणि तो तर शिस्तीचा माणूस.

“या व्याही, या! असं वर, लाल जागंवर बसा!” श्रीमंतराव माइकवर म्हणाले.

सयाजीराव टपरीच्या बाकड्यावर बसले होते. भोवती भावकी, हातात फोन, फोनचा आवाज मोठा केलेला. त्यांचा फेटेवाला माणूस दोनदा पोत्यांवर आपटला, एकदा भिंतीकडे तोंड करून चालला आणि शेवटी कसाबसा गोलात पोचून ऐटीत उभा राहिला.

“झकास हाय मैदान,” सयाजीराव म्हणाले. “आता सगळीच मंडळी ऐकत्यात, तर एक गोष्ट बोलायची राहिलीया, ती बोलून घेतो. व्याही, मानपानाचं म्हनलं तर—”

मानपान हा शब्द कानावर पडला की मुलीच्या बापाचे हात आपोआप जुळतात. श्रीमंतरावांचेही जुळायला निघाले. खेळात हात जोडायचं वेगळं बटण असतं आणि ते गोळीच्या बटणाला अगदी खेटून असतं. श्रीमंतरावांनी अंगठा दाबला आणि धाडकन आवाज झाला. सयाजीराव गोलात आडवे झाले, आणि त्यांचा भरजरी फेटा घरंगळत जाऊन गोलाच्या कडेला पडला.

“आगं आई गं!” श्रीमंतराव ओरडले. पलीकडे टपरीवर कुणीतरी फिसकन हसलं आणि फोन बंद झाला.

केराबाई हातातलं फडकं टाकून धावत आल्या. “काय झालं? कुनाला लागलं?”

“व्याह्यांना मारलं मी.”

“अवं, काल तर लगनाची चिट्टी छापायला टाकली की!”

अर्ध्या तासात बार्शीहून धोंडीरामाचा फोन आला. धोंडीराम हा दोन्हीकडचा पाहुणा आणि या सोयरिकीतला मध्यस्थ. “श्रीमंतराव, काय केलंत ह्ये? आवतन दिऊन मानूस बोलावला, चांगल्या जागंवर बसवला आन् तोंडातला शब्द पुरा व्हायच्या आत उडवला? त्यो बी भावकीम्होरं?”

“अवं, मी हात जोडत हुतो!”

“हात जोडून कुनी फेटा पाडतंय व्हय? सयाजीरावांचं म्हननं, मरनाचं काय न्हाई, मरन सगळ्यांनाच हाय. पर फेटा पडला. मुलीच्या बापाच्या हातनं फेटा पडला. उद्याच्या बस्त्याला ते येत न्हाईत.”

बस्ता म्हणजे लग्नाची कापडं घेण्याचा दिवस. दोन्हीकडची माणसं एकत्र बसून साड्या पसंत करतात. बस्ता अडला की लग्न अडलं, हे सांगायला कुणा जाणत्याची गरज नाही.  श्रीमंतरावांनी लगेच बिरुदेवला फोन लावला.

“बिरुदेव, मला एक सांगा. माजी बंदूक पाठीवर हुती. मैदानात शिरलो की मी पैली बंदूक पाठीवर टाकतो, नियमच हाय माजा. मग गोळी सुटली कशी?”

“पप्पा, बटण दाबलं की पाठीवरची बंदूक आपोआप हातात येते. अंगठा चुकून तिकडं गेला असंल.”

श्रीमंतरावांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एसटीच्या नोंदवहीवर शिक्के मारून तो चांगलाच जाड झाला होता. चूक त्याचीच, त्यांनी मान्य केलं.

सृष्टी कामावरून आली तेव्हा तिला सगळं सांगावंच लागलं. आधी ती पोट धरून हसली. मग बापाच्या आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसणं थांबलं. “पप्पा, म्हणजे खरंच ते लोक उद्या येणार नाहीत? एका गेममुळं?” तिनं पाण्याचा पेला घेतला, न पिताच ठेवला. “मला आवडतो हो तो. तुम्ही विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही. पण आवडतो.” आणि ती आत निघून गेली.

श्रीमंतरावांना फार वाईट वाटलं. ही पोरगी स्वयंपाक करताना अलीकडे गुणगुणायला लागली होती आणि त्यांनी त्याबद्दलसुद्धा एकदा ‘शांतता राखा’ असं जाहीर केलं होतं. आता आतून भांड्यांचाही आवाज येईना. त्यांनी मनाशी ठरवलं, काय पडेल ते करायचं, पण पोरीचं लग्न या अंगठ्यापायी मोडू द्यायचं नाही. त्यांनी मोडनिंबला फोन लावला. सयाजीरावांनी घेतला नाही. त्यांच्या पत्नी दगडाबाईंनी घेतला. ही बाई बोलायला मोजकी. सोयरिकीच्या बैठकीत तर ती एक शब्द बोलली नव्हती, कारण सयाजीरावांनी कुणाला बोलू दिलं नव्हतं.

“विहीनबाई, चूक झाली बगा,” श्रीमंतराव काकुळतीनं म्हणाले.

“तुमचा काय बी दोष न्हाई त्यात,” दगडाबाई शांतपणे म्हणाल्या. मागे शेळ्यांचं ओरडणं चालू होतं. “त्यास्नी राग आलाय, तो येतोच. उतरंल. तुमी बस्त्याला या बिनघोर.”

मोठ्या मनाची बाई, श्रीमंतरावांना वाटलं. संध्याकाळी धोंडीरामानं तडजोड आणली. सयाजीराव बस्त्याला येतील, पण एका अटीवर. ज्या गोलात त्यांना मारलं, त्याच गोलात श्रीमंतरावांनी बिनहत्यारी उभं राहायचं आणि सयाजीरावांनी भावकीसमक्ष त्यांना गोळी घालायची. मग सयाजीराव आपला फेटा आपल्या हातानं उचलून डोक्यावर ठेवतील. खेळात मैदानात पडलेली वस्तू मालकानं उचलेपर्यंत तशीच पडून राहते, त्यामुळे फेटा अजून तिथंच होता.

“मंजूर,” श्रीमंतराव म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी एखादा नियम वाचल्याशिवाय मान्य केला.

गुरुवारी सकाळी नवी पेठेत शिवलिंगप्पांच्या कापड दुकानापुढे मोडनिंबची क्रूझर येऊन थांबली. बस्त्याला लागतात त्याच्या दुप्पट माणसं उतरली. साडीत कुणाला रस नव्हता, सगळी गोळी बघायला आली होती. “बर्री, बर्री, बसा!” शिवलिंगप्पांनी पांढऱ्याशुभ्र गादीवर सगळ्यांचं स्वागत केलं. एवढं गिऱ्हाईक बघून त्यांचा चेहरा फुलला. मग गादीच्या एका टोकाला नवऱ्या मुलाचा बाप आणि दुसऱ्या टोकाला नवरीचा बाप एकमेकांकडे पाठ करून बसले आणि दोघांनी खिशातून मोबाइल काढले, तेव्हा तो जरा मावळला.

“साड्या दाखवू का?” त्यांनी विचारलं.

“थांबा,” धोंडीराम गंभीरपणे म्हणाला. “आदी ह्येंना मारायचंय.”

“अय्यो!” शिवलिंगप्पा म्हणाले आणि गल्ल्यापाशी जाऊन बसले.

बायका मात्र बायकाच. केराबाई, दगडाबाई आणि सृष्टी भिंतीवरच्या मोठ्या आरशाकडे पाठ करून बसल्या आणि त्यांनी साड्यांचा ढीग पुढे ओढून घेतला. बिरुदेव दोन्हीकडे बघत मधल्यामध्ये अवघडून उभा राहिला. सृष्टीची नजर साड्यांवर होती, पण तिनं एकाच साडीचा पदर कितीदा उलटा आणि कितीदा सुलटा केला, हे तिचं तिलाही कळलं नसेल.

दोघे व्याही मैदानात शिरले. नेहमीप्रमाणे मुकादम टायरावर बसलेला होता. श्रीमंतरावांनी बंदूक पोत्यांमागे ठेवून दिली आणि ते गोलात जाऊन उभे राहिले. “हं, व्याही. मी तयार हाय,” ते माइकवर आणि प्रत्यक्षातही म्हणाले.

सयाजीरावांनी बंदूक उगारली. पहिली गोळी आभाळात गेली.

“इशाऱ्याची हुती,” सयाजीराव म्हणाले.

दुसरी गोळी पोत्यात शिरली. तिसरी टायरात. चौथीनं लाकडी बाहुल्याचा हात तुटला. भावकीतल्या एकानं खाकरून घसा साफ केला. श्रीमंतरावांच्या लक्षात आलं, की गोळ्या सगळ्या डावीकडे जातायत. व्याह्यांची पंचाईत नको म्हणून ते हळूच डावीकडे सरकले. पुढची गोळी ते आधी जिथं उभे होते तिथून बरोबर मधोमध गेली.

“हलू नका! चुकवताय तुमी!” सयाजीराव गरजले.

“चुकवत न्हाई व्याही, मी लागून घ्यायला बगतोय!”

“मी मारतोय न्हवं? मग तुमी गप उबं ऱ्हावा की!”

“पप्पा, तुम्ही पळताय का मरताय?” बिरुदेवनं श्रीमंतरावांना विचारलं, कारण त्यांचा माणूस आता गोलातल्या गोलात बोहल्यावर उशीर झालेल्या नवरदेवासारखा धावत होता. डावीकडे गेलं की गोळी उजवीकडे. उजवीकडे गेलं की डावीकडे. दुकानाच्या दारात येणारी-जाणारी माणसं थांबली. “काका, पुढं जाऊन मारा!” कुणीतरी सल्ला दिला. “भय्या, आँखां मीच के मारो, लग जाती!” दुसऱ्यानं सांगितलं. शिवलिंगप्पांनी गल्ल्यावरून हात जोडले. “साहेब, कुणीतरी लवकर मरा हो. माझं सकाळचं गिऱ्हाईक बाहेर तिष्ठतंय.”

सयाजीरावांच्या कपाळावर घाम आला. श्रीमंतरावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मघापासून हा माणूस मोबाइल कधी नाकाजवळ नेत होता, कधी हात लांब करून बघत होता. आणि खिशातून चष्म्याचं घर डोकावत होतं. भावकीसमोर चष्मा लावायचा नाही, एवढंच कारण! एसटीत डोळे तपासणीच्या दिवशी जुन्या ड्रायव्हरांचे असे चेहरे श्रीमंतरावांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांना एकदम व्याह्याची माया आली. बिचारा कालपासून तयारी करून आला असेल, आणि आता इतक्या माणसांत त्याचा दुसऱ्यांदा फेटा पडायची वेळ आली होती. या वेळी तो परत वर यायचा नाही, आणि लग्नही व्हायचं नाही.

“व्याही, जरा थांबा,” श्रीमंतराव मोठ्यानं म्हणाले. “माज्या मोबाइलची रेंज जातीया. म्हनून तुमची गोळी लागत न्हाई. तुमचा नेम बरोबर हाय.”

सयाजीरावांनी चमकून पाहिलं. “व्हय? मी म्हनतच हुतो!”

श्रीमंतराव चालत चालत थेट सयाजीरावांच्या बंदुकीपुढे, हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले. इथून चुकणं कुणालाही शक्य नव्हतं. सयाजीरावांनी बटण दाबलं. नुसतं ‘टक’ असं वाजलं. गोळ्या संपल्या होत्या. नव्या कशा भरायच्या, हे त्यांना बिरुदेवनं शिकवलं होतं, पण ते बटण बारीक होतं.

 सृष्टीच्या हातातला पदर थांबला. सयाजीराव तेच बटण पुन्हा पुन्हा दाबू लागले. आता हे उठणार, चपला घालणार आणि क्रूझरमध्ये जाऊन बसणार, हे श्रीमंतरावांना स्पष्ट दिसलं.

आणि धाडकन आवाज झाला. श्रीमंतराव गोलात आडवे झाले.

“लागली!” सयाजीराव ओरडले. “लागली की न्हाई? बगितलं का?” भावकीनं एकच गिल्ला केला. शिवलिंगप्पांनी सुटकेचा श्वास सोडून पंखा वाढवला.

कालच्या धांदलीत श्रीमंतरावांनी पडद्याचा कोपरा पाहिला नव्हता. आज पाहिला. तिथं बारीक अक्षरांत आलं होतं: ‘मुकादम यांनी कंट्रोलर यांना ठार केले.’ सयाजीरावांना चष्म्याशिवाय ते दिसणं शक्य नव्हतं. भावकी एकमेकांच्या पाठीवर थापा मारण्यात दंग होती. टायरावर बसलेल्या मुकादमानं बंदूक खाली केली आणि नेहमीसारखे हात जोडले.

हा भला माणूस कोण, म्हणून श्रीमंतरावांनी मान वर केली, आणि समोरच्या आरशात त्यांची नजर गेली. आरशात दगडाबाईंची पाठ दिसत होती, पदर दिसत होता आणि त्यांच्या खांद्यावरून मांडीवरच्या साड्यांच्या ढिगाखाली दडवलेला मोबाइलही दिसत होता. मोबाइलवर झुपकेदार मिशांचा एक धिप्पाड माणूस टायरावर बसून हात जोडत होता. दगडाबाईंनी अंगठ्यानं पडदा पुसल्यासारखं केलं, मोबाइलवर एक साडी सारली आणि म्हणाल्या, “ती हिरवी दावा बरं, जरा उजेडात.”

विहीणबाईंचं नाव श्रीमंतरावांच्या जिभेवर आलं. पण व्याह्याला त्याचा मान मिळत होता, तो काढून घेण्यात काही शहाणपणा नव्हता. “काय नेम हाय व्याह्यांचा!” ते ओरडले. “पानी बी मागू दिलं न्हाई!”

सयाजीरावांचा माणूस डुलत डुलत गोलाच्या कडेला गेला. दोनदा हुकल्यावर त्यानं फेटा उचलला आणि डोक्यावर ठेवला. सयाजीरावांनी दुकानातल्या दुकानात स्वतःच्या डोक्यावरूनही हात फिरवला. पाठी वळल्या, तोंडं समोरासमोर आली, चहा आला. सगळ्या भावकीचे कान आपल्याकडे आहेत असं पाहून सयाजीरावांनी पुन्हा आवाज लावला. खेळातला त्यांचा माणूस फेटा घालून गोलाच्या मधोमध तसाच उभा होता.

“आता मन मोकळं झालं,” ते म्हणाले. “तर काल एक गोष्ट अर्धीच राहिली. सगळी मंडळी हायेत, बोलून घेतो. आमच्या भावकीला परत्येकी भरजरी फेटा आन्—”

आरशात दगडाबाईंचा हात साड्यांखाली गेला. श्रीमंतरावांनी आपल्या मोबाइलकडे पाहिलं. मुकादम टायरावरून उठला होता आणि त्याची लांब नळीची बंदूक हळूहळू फेट्याच्या दिशेनं वर येत होती.

“—मानपानाचं म्हनलं तर—”

तोच शब्द! श्रीमंतरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काल हाच शब्द निघाला होता आणि गोळी सुटली होती. आपली बंदूक पाठीवरच होती. पाठीवरच! आणि विहीणबाई फोनवर काय म्हणाल्या होत्या? तुमचा काय बी दोष न्हाई त्यात. आपण साधेपणानं त्याला मोठं मन म्हटलं. आपला हा जाड अंगठा कालपासून फुकट शिव्या खातोय! पण अंगठ्याची बाजू घ्यायची ही वेळ नव्हती. फेटा आणखी एकदा पडला असता तर आता नव्यानं मरायला कोण उभं राहणार होतं?

“व्याही!” श्रीमंतराव जीव खाऊन ओरडले. “आदी गोलाच्या भायेर या! आदी भायेर या!”

“का? काय झालं?”

“फेटा पडंल तुमचा! मला बगवनार न्हाई! पाया पडतो, भायेर या!”

सयाजीराव गोंधळले. त्यांनी मोबाइल नाकाशी धरून आपल्या माणसाला धडपडत गोलाबाहेर काढलं. मग ते श्रीमंतरावांकडे बघतच राहिले. समोर बसलेल्या या माणसाच्या डोळ्यांत खरोखरची भीती होती, आणि ती त्यांच्या फेट्यासाठी होती, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. सयाजीरावांचा मोठा आवाज एकदम लहान झाला.

“बगा रं,” ते भावकीला म्हणाले. “आत्ताच ह्येंना मी मारलं. आन् ह्यो मानूस माजा फेटा सांबाळतोय. ह्याच्याम्होरं मी आनखी कसला मान मागू? ऱ्हाऊ द्या त्ये. शिवलिंगप्पा, साड्या काढा!”

शिवलिंगप्पा साड्या काढू लागले. सृष्टीनं पदर खाली ठेवला, बिरुदेवकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. तेवढ्यात ती काहीतरी गुणगुणली. श्रीमंतरावांनी ऐकलं आणि काही जाहीर केलं नाही.

बस्ता आटोपून सगळे बाहेर पडू लागले. नवी पेठेच्या गर्दीत क्रूझरला वाट मिळेना. दाराशी चपला घालताना दगडाबाई आणि श्रीमंतराव क्षणभर शेजारी आले. श्रीमंतरावांनी इकडे तिकडे पाहिलं.

“विहीनबाई,” ते पुटपुटले, “तुमी मदीच थिजायचा, त्ये रेंजमुळं न्हवं व्हय?”

“शेरडं पांगत्यात दुपारची. वळवून आनाय लागत्यात.”

“आन् सख्ख्या नवऱ्यावर गोळी झाडायची? काय वाटलं न्हाई?”

दगडाबाईंनी कपाळावर पदर ओढून घेतला. “बैठकीत मला बोलू दिलं न्हाई, तितं बोलले न्हाई. आन् लाल गोलात तक्रार चालत न्हाई, पाव्हनं. तुमीच सांगताय न्हवं रोज?”

आणि क्रूझरमधून सयाजीरावांनी हाक मारल्यावर, “आले, आले,” म्हणत दगडाबाई मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसल्या.